कोर्टावरून उतरलेला बूट

संध्याकाळी सोलापुरात नवी पेठेतून चालताना एक बूट वारंवार दिसतो. जाड, सपाट रबरी तळ, घोट्याच्या खालीच संपणारी कड, पांढऱ्या अंगावर काळे तुकडे, लेस मुद्दाम सैल सोडलेली. कॉलेजची पोरं तो घालतात, बँकेत नव्याने लागलेले घालतात, लग्नात नवरदेवाचे मित्र शेरवानीखालीसुद्धा घालतात. दुकानदार त्याला सरसकट ‘डंक’ म्हणतो, मग तो डंक असो वा नसो. हा बूट मुळात बास्केटबॉल खेळण्यासाठी बनला होता, हे घालणाऱ्यांच्या गावीही नसतं आणि त्याने काही अडतही नाही. अडतं ते पैसे मोजताना. मोठ्या परदेशी कंपन्यांचे असे जोड साधारण सहा हजारांपासून बारा हजारांपर्यंत जातात. शेजारच्याच दुकानात दिसायला अगदी तसाच जोड पंधराशेला टांगलेला असतो. घ्यायचा तर कोणता, आणि मुळात घ्यायचा का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. खेळाचा बूट म्हणून हा घेऊ नये. पुढे भाव वाढेल म्हणून तर मुळीच घेऊ नये. रोजच्या वापराला मात्र तो चांगला ठरू शकतो, पण ते ठरतं त्याच्या बांधणीवर. जिभेवर छापलेल्या नावावर आणि त्या नावामागच्या कथेवर नाही. या बुटांच्या कथा फार चांगल्या आहेत, म्हणून तर त्या विकल्या जातात. तेव्हा कथेचा हिशेब आधी करून टाकू.

बास्केटबॉल १८९१ सालचा. अमेरिकेत स्प्रिंगफिल्डला वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात पोरांना छपराखाली खेळवायला तो रचला आणि सज्जाच्या कठड्याला पीचच्या करंड्या ठोकल्या. कॉन्व्हर्स कंपनीचा ‘ऑल स्टार’ १९१७ साली आला: कापडी, रबरी तळाचा, घोटा झाकणारा. चक टेलर हा खेळाडू विक्रेता म्हणून कंपनीत गेला आणि त्याचंच नाव पुढे घोट्यावरच्या गोल शिक्क्यात बसलं. तोच बूट घोट्याखाली कापून १९५७ मध्ये बाजारात आला. आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांनी या घराण्यातला बूट घातलेला आहे, फक्त त्याला स्नीकर म्हटलं नाही. पीटीच्या तासाचा पांढरा कॅनव्हास तो हाच. बाटाने १९३० च्या दशकात कोलकात्याजवळ बाटानगर वसवलं आणि कापड-रबराचे बूट देशभरच्या शाळांत पोचले. रविवारी धुवायचे, ओले असतानाच पांढरी पॉलिश फासायची आणि सोमवारी प्रार्थनेला मांडीवर पांढरे डाग घेऊन उभं राहायचं. शाळेच्या गणवेशांसाठी सोलापूर आज लांबलांबपर्यंत ओळखलं जातं. त्या गणवेशाखालचा बूट मात्र बहुधा बाहेरगावचा.

चामडं रुजलं ते १९६९ च्या आदिदास सुपरस्टारपासून. पुढे शिंपल्यासारखी रबरी टोपी, अंग चामड्याचं आणि घोटा मोकळा. करीम अब्दुल-जब्बारसारखे खेळाडू तो घालत. १९७३ मध्ये न्यूयॉर्क निक्सच्या वॉल्ट फ्रेझरसाठी पुमाने स्वेडचा ‘क्लाइड’ काढला. क्लाइड हे फ्रेझरचं टोपणनाव. १९८२ मध्ये ब्रूस किलगोरने नायकेसाठी ‘एअर फोर्स वन’ आखला. टाचेखाली कोंडलेल्या हवेची पिशवी असलेला कंपनीचा हा पहिला बास्केटबॉल बूट. त्याचा तळ उलटा करून पाहा. चवड्याखाली एकात एक वर्तुळं दिसतील. एका पायावर गर्रकन फिरताना तळ अडू नये म्हणून ती ठेवलेली आहेत. आज ती वर्तुळं बहुतेक मॉलच्या फरशीवर झिजतात. मग १९८५ मध्ये नायकेसाठीच पीटर मूरने आखलेला ‘डंक’ आला. केंटकी, मिशिगन, सिरॅक्यूज, आयोवा अशा कॉलेज संघांच्या रंगांत तो काढला होता. आजही या बुटाचे ठळक दोन रंग असतात, त्याचं मूळ तिथे आहे. त्याच वर्षीचा पहिला एअर जॉर्डनही मूरचाच, त्यामुळे दोघांचे चेहरे सख्ख्या भावांसारखे.

जुना बूट पुन्हा विकायचा धंदा कसा सुरू झाला, हे समजलं की ‘रेट्रो’ या शब्दाचा दबदबा बराच उतरतो. एअर फोर्स वन दोनेक वर्षांत बंद व्हायचा होता. त्या काळी बूट आले, विकले, गेले. पुढच्या वर्षी नवा नमुना. बाल्टिमोर शहरातल्या तीन दुकानदारांनी मात्र कंपनीकडे धोशा लावला की आमच्या गिऱ्हाइकांना हाच हवा आहे, नव्या रंगांत काढून द्या. कंपनीने दिला. दर महिन्याला नवा रंग, तोही त्याच दुकानांत. दुसऱ्या शहरांतली पोरं गाडी काढून तिथे येऊ लागली. नवं तंत्र शोधायला नको, नवे साचे पाडायला नकोत. जुन्या साच्यावर रंग बदलला की नवा माल तयार. उत्पादकाला याहून बरं काय हवं? न्यू बॅलन्सचा ‘५५०’ तर १९८९ मध्ये येऊन विसरलाही गेला होता. न्यूयॉर्कच्या एमे लिऑन डोर या कपड्यांच्या कंपनीचे टेडी सँटिस यांनी तो जुन्या कॅटलॉगमधून उकरून काढला आणि २०२० मध्ये पुन्हा आणला. एकतीस वर्षं ज्याची कुणाला आठवण नव्हती, त्यासाठी लोक रांगा लावू लागले.

म्हणजे तुम्ही जेव्हा असा जोड घेता, तेव्हा चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं पादत्राणाचं तंत्र आजच्या भावाने घेता. हे वाईटच असं नाही. पितळी समई घेतानाही आपण विजेच्या दिव्याशी तुलना करत नाही. फक्त त्यात आजच्या खेळाचं तंत्र आहे असं कुणी सांगितलं, तर हसून पुढे व्हावं.

खेळाचा विषय निघाला आहे तर घोट्याचंही सांगतो, कारण घरातल्या वडीलधाऱ्यांचा पहिला आक्षेप तोच असतो: घोटा उघडा, पाय मुरगळेल. १९९३ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. कॉलेजात हौसेने बास्केटबॉल खेळणाऱ्या ६२२ जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं उंच आणि बुटक्या बुटांच्या गटांत वाटलं आणि हंगामभर कुणाचा घोटा मुरगळतो ते पाहिलं. दोन्हींत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. पुढे २००८ मध्ये बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटने फुटबॉलपटूंचं पाहून स्वतःसाठी घोट्याखालचा बूट करून घेतला, आणि मग बास्केटबॉलमध्ये बुटके बूट सर्रास झाले. तेव्हा बुटकेपणात खोट नाही. खोट आहे ती तळाच्या जुनेपणात. उडी मारून सिमेंटच्या कोर्टावर आदळणाऱ्या टाचेला आजचे खेळाचे बूट जो फोम देतात, तो या रेट्रो जोडांत नसतो. रबर जड आणि कडक असतं. जो खरंच खेळतो त्याने याच पैशांत, किंवा याहून कमी पैशांत, खेळाचा बूट घ्यावा. धावणाऱ्यालाही हेच लागू.

आता बूट हातात घेऊ. दुकानदार आधी रंग दाखवतो. आपण आधी तळ आणि अंग जिथे जुळतात तो सांधा पाहायचा.

कापडी ऑल स्टार आणि पीटीचा बूट यांत रबराची पट्टी कापडाभोवती गुंडाळून अख्खा बूट भट्टीत भाजतात. रबर आणि गंधक एकत्र तापवले की रबर चिवट होतं, हे चार्ल्स गुडइअरने १८३९ मध्ये शोधलं. त्या प्रक्रियेचंच हे रूप. तळ पातळ, लवचीक, जमिनीचा प्रत्येक खडा सांगणारा. सुपरस्टार, डंक, एअर फोर्स वन यांची बांधणी वेगळी. त्यांत रबराचा वाटीसारखा तळ साच्यात आधीच काढलेला असतो, त्या वाटीत अंग बसवतात, डिंकाने चिकटवतात आणि चांगल्या जोडांत वाटीच्या कडेने शिलाई मारतात. ही शिलाई म्हणजे त्या बुटाचा विमा. डिंक सुटला तरी दोऱ्याने तळ धरून ठेवलेला असतो. कडेला नख घालून पाहा: रबराच्या खाचेत खरा दोरा बसलेला आहे, की साच्यातच टाक्यांसारख्या रेघा उठवल्या आहेत? पंधराशेच्या जोडात बहुतेक वेळा रेघाच असतात. महाग जोडातही कधी कधी पुढे शिलाई आणि मागे नुसतं पेस्टिंग असतं, म्हणून बूट पूर्ण फिरवून पाहावा.

अंगाचं तसंच. ‘लेदर आहे’ हे वाक्य बाजारात फार स्वस्त. जिभेच्या आत किंवा खोक्यावर चार चिन्हांपैकी काही छापलेली असतात; युरोपातल्या नियमामुळे ती आली आणि आता मोठ्या कंपन्यांच्या जोडांवर सगळीकडे दिसतात. पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडं. त्याच आकाराच्या आत शंकरपाळ्यासारखा चौकोन असेल तर चामड्यावर प्लास्टिकचा थर चढवलेला आहे. विणलेल्या जाळीचं चिन्ह म्हणजे कापड. नुसता तिरका चौकोन म्हणजे यांपैकी काहीच नाही. आपल्या बोलीत, रेक्झिन. चिन्हं सापडली नाहीत तर बुटावरच्या वरच्या तुकड्याची कापलेली कड पाहा. डंकसारख्या बुटांत तुकड्यावर तुकडा शिवलेला असतो आणि कड उघडीच राहते. चामड्याची कड तंतुमय, जराशी केसाळ दिसते. रेक्झिनची कड वर गुळगुळीत थर आणि खाली कापडाची जाळी अशी दोन मजली असते. आता चवड्याजवळ अंगठ्याने दाबा. चामड्यावर बारीक सुरकुत्या पसरतात आणि बोट उचललं की विरतात. रेक्झिनला एकच घडी पडते. हीच घडी आठ-दहा महिन्यांनी फाटते, आणि नेमकी करंगळीच्या बाजूला.

एक गोष्ट कबूल करायला हवी: महागड्या रेट्रो जोडांतलं चामडंही काही फार उंची नसतं. घासून एकसारखं केलेलं, वर रंगाचा जाड थर दिलेलं. मूळ बुटांपेक्षा ते पुष्कळदा कडकच निघतं. नऊ-दहा हजार दिले म्हणजे कातडं उत्तमच असणार, हे गृहीत धरू नये.

इथवरचं पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या गिऱ्हाइकालाही लागू. सोलापूरचा प्रश्न थोडा वेगळा आहे आणि माझ्या मते तोच निर्णायक.

पहिला मुद्दा ऊन. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या वर जातो तेव्हा डांबरी रस्ता साठ अंशांपर्यंत तापतो, बंद मोटारीत डॅशबोर्डजवळ तर त्याहून जास्त. बुटाचा तळ चिकटवणारा डिंक कारखान्यात साधारण साठ-सत्तर अंशांवरच मऊ करून लावतात. मग दुपारभर गाडीच्या डिकीत राहिलेल्या जोडाचं पेस्टिंग सुटलं, तर त्यात नवल ते काय? शिलाईचा आग्रह मी धरतो तो यासाठी. आणि याच कारणाने बूट धुतल्यावर उन्हात वाळत घालू नयेत. सावलीत, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवावेत.

दुसरा मुद्दा धूळ. काळ्या मातीची ही कोरडी धूळ मऊ, पिठासारखी. चामड्यावरून ती ओल्या फडक्याने जाते. स्वेडच्या केसांत मात्र ती जाऊन बसते आणि वर पावसाचे चार थेंब पडले की तिचा चिखल होऊन डाग कायमचा राहतो. पुमाचा क्लाइड किंवा स्वेड मला दिसायला या सगळ्यांत देखणा वाटतो. तरीही इथे रोज वापरायला तो घेऊ नका असंच मी सांगेन. पांढरं कॅनव्हासही तसंच, फक्त ते निदान धुता येतं.

तिसरा मुद्दा कुठल्याच परदेशी परीक्षणात येत नाही, तो म्हणजे मोटारसायकलचा गिअर. पल्सरसारख्या गाडीत गिअर वर टाकताना डाव्या पायाचा चवडा दांड्याखाली घालून उचलावा लागतो. शहरातल्या शहरात, सात रस्ता ते जुळे सोलापूर एवढ्या अंतरातही, हे किती वेळा होतं ते गाडी चालवणाऱ्यालाच ठाऊक. महिनाभरात डाव्या बुटाच्या माथ्यावर काळा पट्टा उमटतो आणि चार-सहा महिन्यांत तिथला रंगाचा थर खरवडला जाऊन खालचं कातडं दिसायला लागतं. उजवा बूट नव्यासारखा, डावा म्हातारा. स्नीकर मिरवणाऱ्या पोरांचे डावे पाय पाहा, गाडी गिअरची की स्कूटी ते लगेच कळेल. या एका कसोटीवर सुपरस्टार इतरांपेक्षा सरस उतरतो, कारण त्याची रबरी टोपी नेमकी तिथेच आहे. १९६९ मध्ये ती खेळाडूंची बोटं सांभाळायला बसवली असेल; इथे ती गिअरचा दांडा झेलते आणि जुन्या टूथब्रशने साबण लावून घासली की पुन्हा पांढरी होते. डंकच्या काळ्या-पांढऱ्या जोडात डाग पडतो तो निम्मा काळ्या तुकड्यावर पडतो, म्हणून जरा लपतो. संपूर्ण पांढरा एअर फोर्स वन गिअरवाल्याने घेऊच नये.

चौथा मुद्दा उंबरठा. आपण दिवसातून कितीदा बूट काढतो! घरी, पाहुण्यांकडे, सिद्धेश्वराच्या देवळात, दवाखान्यात, काही दुकानांतसुद्धा. अमेरिकी खेळाडू लेस घट्ट बांधून दोन तास खेळत असे. आपण लेस एकदाच सैल बांधून ठेवतो आणि एका पायाच्या बोटांनी दुसऱ्याची टाच दाबून बूट काढतो. बुटका बूट म्हणूनच आपल्याला सोयीचा. उंच बुटाने देवळाच्या पायरीवर गर्दी अडवून ठेवली असती. पण या सवयीने टाचेमागचा ताठ भाग मोडतो. घेताना टाच अंगठ्याने आत ढकलून पाहावी. आत पुठ्ठा असेल तर ‘कट्’ असा आवाज होतो आणि भाग आतच राहतो. चांगल्या जोडात तो उसळून जागेवर येतो. बाहेर काढून ठेवलेला नवाकोरा जोड परत मिळेल की नाही ही निराळी काळजी. तिच्यावर कंपन्यांनी अजून काही काढलेलं नाही.

मापाबद्दल. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात ७९ ठिकाणी १,०१,८८० जणांच्या पायांची मापं घेतली, त्यात त्रिमितीय स्कॅनरही वापरले. भारतीय पाय युरोपीय-अमेरिकी पायांपेक्षा एकंदरीत रुंद असल्याचं त्यातून दिसलं आणि भारतीयांसाठी ‘भा’ ही स्वतंत्र मापपद्धती सुचवली गेली. इंग्लंड-अमेरिकेचे आकडे घेऊन बूट निवडताना आपल्यातले बरेच जण चवडा मावावा म्हणून एक नंबर मोठा घेतात आणि मग टाच आत घसरत राहते, हे आता आकड्यांनीही पटतं. रेट्रो बुटांत आणखी एक घोळ आहे: सुपरस्टार आणि ऑल स्टार नेहमीच्या मापापेक्षा मोठे निघतात, डंक चवड्यात अरुंद. म्हणून ‘माझा नंबर आठ’ एवढ्यावर ऑनलाइन मागवणं धोक्याचं. दुकानात जायचं ते संध्याकाळी, दिवसभराच्या उकाड्याने पाय फुगलेला असताना. ज्या मोज्यांवर बूट घालणार तेच मोजे घालून. आणि दोन्ही पायांत घालून चालून पाहायचं. करंगळीच्या मुळाशी कड टोचत असेल तर ‘वापरून सैल होईल’ या दुकानदारी आश्वासनावर विसंबू नये. चामडं थोडं सैल होतं, रेक्झिन होत नाही.

आता पैशांकडे येऊ. २२ सप्टेंबर २०२५ पासून पादत्राणांवरचा जीएसटी बदलला: जोडी २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्यावर १८ टक्के. म्हणजे कराआधीची किंमत २,५०० असलेला जोड २,६२५ ला पडतो आणि २,६०० चा जोड ३,०६८ ला. किंमत शंभराने वाढली आणि गिऱ्हाइकाच्या खिशातून ४४३ जास्त गेले. तीन हजारांच्या थोडं वरचा माल म्हणूनच मला सगळ्यांत अवघड जागचा वाटतो: कर वरचा आणि बांधणी खालची. नऊ हजार छापील किमतीत तर सुमारे १,३७० रुपये कराचेच असतात.

वापराचा हिशेब कागदावर मांडू. नऊ हजारांचा जोड आठवड्याला तीन दिवस, दोन वर्षं घातला तर एका दिवसाला साधारण एकोणतीस रुपये पडतात. बाराशेचा रेक्झिनचा जोड दीडशे दिवस टिकला तर दिवसाला आठ. टिकाऊपणाच्या नावाखाली महाग जोडाचं समर्थन होत नाही, हे उघड आहे. वरचे एकवीस रुपये रूपाचे, नावाचे आणि पायाला मिळणाऱ्या जरा बऱ्या वागणुकीचे. ज्याला ते परवडतात त्याने आनंदाने द्यावेत. पण तोच जोड जून-जुलैच्या किंवा डिसेंबर-जानेवारीच्या सेलमध्ये पाच हजारांना मिळाला तर दिवसाचा खर्च सोळावर येतो आणि मग मात्र सौदा पटण्यासारखा होतो. रेट्रो बुटाला एक मोठा फायदा असा की त्याला जुनं व्हायची भीती नाही. तो जुनाच आहे. सहा महिने थांबल्याने काही बिघडत नाही.

भाव वाढेल या आशेचं काय? पुण्याच्या वेदांत लांबा या तरुणाने यूट्यूब चॅनेलपासून सुरुवात करून ‘मेनस्ट्रीट’ हा दुर्मीळ स्नीकरच्या फेरविक्रीचा व्यवसाय उभा केला, तेव्हापासून आपल्याकडच्या बऱ्याच पोरांना वाटतं की खोकं न उघडता ठेवलेला जोड म्हणजे मुदत ठेव. २०२१ मध्ये काळा-पांढरा डंक आला, त्याला ‘पांडा’ नाव पडलं, छापील किमतीच्या वर विकला गेला. मग कंपनीने तो इतका काढला, इतका काढला, की दुर्मीळपणा उरलाच नाही. ज्याचा साचा कंपनीकडे आहे, त्याचा तुटवडाही कंपनीच्याच हातात. शिवाय बूट ठेवून टिकत नाही. एअर फोर्स वनसारख्यांच्या तळातला पॉलियुरेथेन फोम हवेतल्या दमटपणाने आतून तुटत जातो. न वापरलेला जोड काही वर्षांनी पायात घालावा तर तळाचा भुगा हातात येतो.

नकली जोडांची ‘फर्स्ट कॉपी’, ‘मास्टर कॉपी’, ‘सेव्हन ए’ ही नावं सोलापुरातही सर्रास ऐकू येतात. या प्रती कुठल्याच संस्थेने ठरवलेल्या नाहीत. विकणाऱ्याने म्हटलं म्हणून सेव्हन ए. खऱ्या जोडाच्या खोक्यावर आयात करणाऱ्याचं किंवा बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि नमुन्याचा क्रमांक असतो. पुरुषांच्या ‘पांडा’चा क्रमांक ‘डीडी१३९१-१००’ आहे. पहिला भाग नमुन्याचा, शेवटचे तीन आकडे रंगाचे. खोक्यावरचा आणि जिभेच्या आतल्या चिठ्ठीवरचा क्रमांक एकच हवा. नकली कारखाने हेही छापतात, त्यामुळे क्रमांक जुळला म्हणून बूट खरा ठरत नाही. जुळला नाही तर खोटा मात्र नक्की ठरतो. केंद्र सरकारने टप्प्याटप्प्याने पादत्राणांना गुणवत्तेची मानकं बंधनकारक केली आहेत. आयएसआय चिन्हाबरोबर ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असेल, तर तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून दुकानात उभ्या उभ्या पाहता येतो.

कॉपीला जाणाऱ्या अडीच-तीन हजारांत दुसरं काय येतं? सरळ स्वतःच्या नावाने विकले जाणारे देशी जोड येतात. थोडे जास्त घातले तर बंगळुरूच्या ‘कॉमेट’सारख्या नव्या कंपन्यांचे, याच घडणीचे बूट. त्यांच्यामागे १९६९ किंवा १९८५ ची कथा नसते, एवढाच फरक. तपासणी तीच करायची, शिलाई, कड, टाच. आणि ज्याला फक्त उन्हाळ्यात पायाला हवा लागायला हवी आहे त्याच्यासाठी कोल्हापुरी आहेच. भौगोलिक मानांकनात कोल्हापुरी चप्पल बनवणाऱ्या महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत कोल्हापूर, सांगली, साताऱ्याबरोबर सोलापूरचंही नाव आहे, हे सोलापूरकरांनाही फारसं माहीत नसतं. जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडा या फॅशन कंपनीने तसल्याच चपला चढवल्या तेव्हा गदारोळ झाला; जुन्या घडणीचा माल नव्या नावाने महाग विकायची कला काही बुटांपुरती नाही.

तर सोलापुरात राहणाऱ्या, गिअरची गाडी चालवणाऱ्या, बास्केटबॉल न खेळणाऱ्या माणसाला एकच जोड सुचवायचा झाला तर मी चामड्याचा सुपरस्टार सुचवीन, सेलमध्ये, अर्धा नंबर लहान. स्कूटी चालवणाऱ्यांना डंकला हरकत नाही. महिन्याचा पगार किंवा घरून येणारे पैसे यांतून हप्त्याने घ्यावा लागत असेल तर कोणताच नको. घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात, नवा आहे तोवरच, जिथे कडेची शिलाई अर्धवट आहे तिथे ती पुरी करून घ्यावी. मोठ्या चौकांच्या कडेला छत्रीखाली बसणारे चर्मकार कारागीर जाड मेणाच्या दोऱ्याने, हाताने सोल शिवून देतात. काम थोड्या वेळाचं आणि थोड्या पैशांचं. दोरा तळाच्या रंगाचा घ्या म्हणून आधी सांगून ठेवा, नाहीतर पांढऱ्या बुटाला काळे टाके पडतील.